लॅपटॉपसाठी वायरलेस माऊस: दुकानात जाण्याआधी हात मोजा

भाषांतराचं काम करायला लागल्यापासून माझे दिवसातले सात-आठ तास लॅपटॉपसमोर जातात. काही वर्षांपूर्वी मी एक चपटा, इवलासा माऊस घेतला, कारण तो पर्समध्ये सहज मावत होता. दीड महिन्यात उजवी करंगळी आणि मनगटाची बाहेरची कड दुखायला लागली. माऊसमध्ये काही खोट नव्हती. कर्सर नीट फिरत होता, क्लिक नीट होत होतं. पण माझा तळवा त्याच्यावर टेकतच नव्हता. दिवसभर तो बोटांच्या शेंड्यांनी चिमटीत धरून ठेवावा लागायचा आणि करंगळी टेबलावर घासत राहायची.

तेव्हापासून कोणी "वायरलेस माऊस घ्यायचाय, कुठला घेऊ?" असं विचारलं की मी आधी त्यांचा हात बघते, मग लॅपटॉपच्या कडेची पोर्ट बघते, मग टेबल कसलं आहे ते विचारते. डीपीआयचे (माऊस किती बारीक हालचाल टिपतो त्याचे) आकडे, रंग, दिवे हे सगळं त्यानंतर. खाली तोच क्रम ठेवला आहे. दिवसातून अर्धा तास माऊस वापरणाऱ्यांनी पहिली पायरी वरवर वाचली तरी चालेल. चार तासांच्या वर वापरणाऱ्यांनी मात्र तिथेच जास्त वेळ द्यावा.

पहिली पायरी: हात मोजा

तळहात वर करून टेबलावर ठेवा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने अंतर मोजा. वीत मोजायची नाही, नुसती लांबी. साधारणपणे १७ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर हात लहान, १७ ते १९ मध्यम आणि त्यापुढे मोठा धरतात. माऊसची लांबी हाताच्या लांबीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असावी, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे हात १८ सेंटिमीटर असेल तर माऊस १०.५ ते ११ सेंटिमीटरचा.

लांबीपेक्षाही महत्त्वाची असते ती पाठीची उंची, आणि नेमकी तीच फोटोत कळत नाही. लॉजिटेकचा पेबल हा गोटीसारखा गुळगुळीत माऊस जेमतेम २६-२७ मिलिमीटर उंच आहे. त्याच कंपनीचा सिग्नेचर एम६५० लांबीला जवळजवळ तेवढाच, पण उंचीला ३८ मिलिमीटरच्या आसपास. एमएक्स मास्टर ३एस तर ५१ मिलिमीटर उंच आणि १४१ ग्रॅम वजनाचा. पेबल बॅगेत मावतो, मास्टरवर तळवा विसावतो. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही, त्यामुळे बहुतेकांची निवड इथेच ठरते. ऑनलाइन घेणार असाल तर वर्णनातली उंची बघा, तेवढ्या जाडीची पुस्तकांची छोटी चळत टेबलावर रचा आणि तिच्या टोकावर तळवा टेकवून दोन मिनिटं बसा. तळवा अधांतरी राहतोय की टेकतोय, ते लगेच समजतं.

आता पकड. काहीजण पूर्ण तळवा माऊसवर टेकवतात. काहींची बोटं कमानीसारखी उभी असतात आणि तळव्याचा फक्त मागचा भाग टेकतो. काहीजण नुसत्या बोटांच्या शेंड्यांनी माऊस चालवतात. टेकवणाऱ्यांनी फुगीर पाठीचा, लांब माऊस घ्यावा. शेंड्यांनी चालवणाऱ्यांना छोटा आणि हलकाच बरा पडतो. आपली पकड कोणती हे ओळखायला सध्याच्या माऊसवर दहा मिनिटं काम करा आणि मध्येच हात जिथल्या तिथे थांबवून बघा. मुद्दाम धरायला गेलात तर पकड बदलते.

डावखुऱ्यांना दुकानात फार कमी पर्याय दाखवले जातात. अंगठ्यासाठी एका बाजूला खोलगट भाग असलेला माऊस त्यांच्या कामाचा नाही. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला घ्यावा, आणि सेटिंगमध्ये मुख्य बटण उजवीकडचं करून घ्यावं. खास डाव्या हाताचे माऊसही निघतात. एम६५० च्या मोठ्या आकारात डावखुऱ्यांसाठी वेगळा माऊस आहे, आणि लॉजिटेकच्याच लिफ्ट या उभ्या माऊसचीही डावी आवृत्ती आहे. दुकानदार "तसलं येत नाही" म्हणाला तर नाव सांगून मागवा.

उभा माऊस म्हणजे हस्तांदोलन करताना हात जसा असतो तसा धरायचा माऊस. नेहमीच्या माऊसवर तळवा जमिनीकडे वळवावा लागतो, आणि त्यासाठी कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांवर तिरकी फिरतात. उभ्या माऊसमध्ये हा पीळ बराच कमी होतो. लिफ्टचा कोन ५७ अंशांचा आहे. सवय व्हायला आठवडाभर लागतो, आणि पहिले दोन दिवस बारीक निवड करताना हात चुकतो. तेवढा धीर धरायची तयारी असेल तर दुखऱ्या मनगटाच्या माणसाने तो नक्की वापरून बघावा. पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री झोपेत हात बधिर होत असेल, तर माऊस बदलत बसू नका. मनगटातून जाणारी नस दबत असण्याची ती खूण असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरी पायरी: लॅपटॉपच्या दोन्ही कडा बघा

वायरलेस माऊस जोडायच्या दोन रीती आहेत. एक, सोबत येणारा नखाएवढा यूएसबी रिसीव्हर, ज्याला दुकानात सगळे डोंगल म्हणतात. दुसरी, ब्लूटूथ. दोन्हीकडे लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्याच. फरक पडतो तो पोर्टमध्ये आणि रोजच्या सोयीत.

डोंगल खोचलं की माऊस सुरू. पासवर्ड नाही, जोडणी नाही. विंडोज नव्याने टाकताना किंवा लॅपटॉप सुरू होतानाच्या बायोस पडद्यावर ब्लूटूथ माऊस सहसा चालत नाही, डोंगलवाला चालतो. घरातल्या ज्येष्ठांसाठी घेत असाल तर मी डोंगलवालाच सुचवेन. 'माऊस डिस्कनेक्ट झाला, आता काय करू?' असा फोन कमी येतो.

पण पोर्ट किती आहेत? पातळ लॅपटॉपला अनेकदा एक-दोनच मोठी यूएसबी पोर्ट असतात. मॅकबुक एअरला तर २०१८ पासून मोठं पोर्टच नाही, सगळी टाइप-सी. बहुतेक डोंगलं मात्र अजूनही मोठ्या पोर्टची असतात. म्हणजे एवढ्याशा कामासाठी वेगळा अडॅप्टर कायमचा लटकत ठेवायचा. अशा लॅपटॉपला ब्लूटूथच घ्या. ब्लूटूथचे अनेक माऊस तीन यंत्रांशी जोडून ठेवता येतात आणि एका बटणाने ऑफिसचा लॅपटॉप, घरचा लॅपटॉप, टॅबलेट असं बदलता येतं. ज्यांच्या टेबलावर दोन लॅपटॉप असतात त्यांनी ही एक सोय बघूनच माऊस निवडावा.

ब्लूटूथची उणी बाजू अशी, की माऊस थोडा वेळ पडून राहिला की झोपतो आणि हलवल्यावर क्षणभर उशिरा जागा होतो. लिहिण्या-वाचण्याच्या कामात हे खुपत नाही. वेगवान खेळ खेळणाऱ्यांनी मात्र डोंगलच घ्यावं. खेळांच्या माऊसचं डोंगल सेकंदाला १,००० वेळा माऊसची हालचाल कळवू शकतं, ब्लूटूथवर हा आकडा बराच खाली असतो.

निवड अवघड वाटत असेल तर दोन्ही सोयी असलेला माऊस मिळतो. थोडे पैसे जास्त पडतात, पण पुढचा लॅपटॉप कसा असेल हे आज माहीत नसतं.

आता एक गोष्ट, जी खोक्यावर कधीच छापलेली नसते. हार्ड डिस्कवर फाइली कॉपी होत असताना कर्सर अडखळायला लागतो, उड्या मारतो, आणि लोक माऊस खराब म्हणून परत करतात. दोष बहुधा माऊसचा नसतो. यूएसबी ३.० च्या जलद वहनातून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातही येतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. डोंगल आणि हार्ड डिस्क शेजारीशेजारी असली की डोंगलला माऊसचा क्षीण संदेश नीट ऐकू येत नाही. उपाय स्वस्त आहे: डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा. तिकडे पोर्ट नसेल तर एक छोटी यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल माऊसजवळ आणून ठेवा. ब्लूटूथ माऊस अडखळत असेल तर लॅपटॉप घरच्या वायफायच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या नावाला जोडून बघा, म्हणजे २.४ च्या पट्ट्यातली गर्दी कमी होते.

डोंगल हरवण्याचाही विचार आधीच करायला हवा. स्वस्त माऊसचं डोंगल कारखान्यातच त्या एका माऊसशी जोडलेलं असतं. ते हरवलं की चांगला चालता माऊस कचऱ्यात जातो. लॉजिटेकच्या काही माऊसवर केशरी ठिपक्यातली चांदणीसारखी खूण असते. ती युनिफाइंग डोंगलची खूण. हे डोंगल सुटं विकत मिळतं, आणि एकाच डोंगलवर सहा उपकरणं जोडता येतात, म्हणजे कीबोर्ड आणि माऊस मिळून एकच पोर्ट लागतं. २०२१ पासून त्याच कंपनीने बोल्ट नावाचं नवं डोंगल आणलं. युनिफाइंगचा माऊस बोल्टवर चालत नाही आणि बोल्टचा युनिफाइंगवर. सुटं डोंगल मागवताना एवढं बघाच.

बँकेचं, हिशेबाचं किंवा सरकारी काम करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. फेब्रुवारी २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की अनेक कंपन्यांच्या डोंगलवाल्या माऊसमधून बाहेरचा माणूस दुरून लॅपटॉपवर कळा दाबल्यासारखे संदेश पाठवू शकतो. या पद्धतीला त्यांनी माऊसजॅक असं नाव दिलं. ब्लूटूथ माऊस त्यात नव्हते. कपाटातला दहा वर्षांपूर्वीचा डोंगलवाला माऊस अशा कामासाठी पुन्हा बाहेर काढू नका. बोल्टसारखं नवं डोंगल किंवा ब्लूटूथ घ्या.

तिसरी पायरी: टेबल

माऊसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी पुढचा ताडून माऊस कुठे सरकला ते ओळखतो. टेबलावर बारीक खडबडीतपणा, रेघा, धागे काहीतरी असलं तरच त्याला ओळखायला खूण मिळते. म्हणून काचेच्या टेबलावर साधा माऊस चालतच नाही, आणि चकचकीत सनमायकावर कर्सर थरथरतो. काचेवर चालणारे सेन्सर असतात, उदाहरणार्थ एमएक्स मास्टर ३एसमधला, पण त्यासाठी काच निदान ४ मिलिमीटर जाड हवी. एवढ्यासाठी इतके पैसे घालू नका. शंभर-दीडशे रुपयांचं कापडी माऊसपॅड घेतलं की प्रश्न मिटतो. पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करणाऱ्यांना जाड पुठ्ठ्याची वहीसुद्धा पुरते.

डीपीआयचा मोह

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा हाच असतो, म्हणून त्याचा हिशेब एकदा करून टाकू. १,००० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो एक हजार पावलं मोजतो. नेहमीच्या फुल एचडी लॅपटॉपचा पडदा १,९२० पिक्सेल रुंद असतो. वेगाचं सेटिंग मधोमध असेल आणि एका पावलाला एक पिक्सेल धरला, तर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जायला हात १.९२ इंच, म्हणजे जेमतेम ५ सेंटिमीटर हलवावा लागतो. याहून कमी कशाला हवं? ३,८४० पिक्सेलचा फोर-के मॉनिटर जोडला तर अंतर १० सेंटिमीटरच्या जवळ जातं. तिथे १,६०० डीपीआय बरा वाटतो. ऑफिसच्या कामाला १,००० ते १,६०० पुष्कळ झाले. "सोळा हजार डीपीआय" असं लिहिलेल्या माऊससाठी ज्यादा पैसे मोजू नका.

चाक, बटणं, आवाज

चाकाकडे लोक सगळ्यात कमी बघतात आणि दिवसभर सगळ्यात जास्त तेच फिरवतात. दुकानात चाक सावकाश फिरवा. प्रत्येक खाच बोटाला स्वच्छ जाणवली पाहिजे. मग चाक खाली दाबून बघा. ब्राउझरमध्ये लिंकवर चाक दाबलं की ती नव्या टॅबमध्ये उघडते, टॅबवर दाबलं की तो बंद होतो. ऑटोकॅडमध्ये चाक दाबून धरूनच रेखाचित्र सरकवतात. माझा भाचा सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे, आणि त्याने वर्षभर कडक चाकाचा माऊस वापरला. त्याचं मधलं बोट संध्याकाळी ठणकायचं. त्याला मऊ दाबाच्या चाकाचा माऊस घेऊन दिल्यावर त्रास थांबला. असं काम असेल तर दुकानात चाक वीस वेळा दाबून बघा, संकोच करू नका.

अंगठ्याजवळची दोन बटणं, मागे आणि पुढे जाण्याची, एकदा हाताला लागली की सोडवत नाहीत. लांबरुंद एक्सेल तक्ते बघणाऱ्यांसाठी अंगठ्याने आडवं सरकवायचं चाक असलेले माऊस आहेत. रोज चाळीस-पन्नास रकाने बघावे लागत असतील तर त्याचे पैसे वसूल होतात.

घरात लहान बाळ असेल किंवा रात्री शेजारी कोणी झोपलेलं असेल, तर सायलेंट क्लिकचा माऊस घ्या. बटण दाबल्याचं बोटाला कळतं, कानाला जवळजवळ नाही.

सेल की चार्जिंग

एका पेन्सिल सेलवर चालणारा साधा माऊस वर्षभर, काही दोन वर्षांपर्यंत चालतात असं कंपन्या सांगतात. रोज आठ तास वापरला तर त्याहून कमी धरा. अल्कलाइन सेलच घाला. स्वस्त झिंक-कार्बन सेल संपल्यावर पाझरतात आणि आतले पत्रे गंजवतात. घरातले रिचार्जेबल सेल चालतात, पण त्यांचा दाब १.५ व्होल्टऐवजी १.२ असतो, त्यामुळे माऊस सेल संपत आल्याचं लवकर सांगू लागतो.

चार्जिंगचा माऊस घेतलात तर तीन गोष्टी बघा. पोर्ट टाइप-सी हवं, म्हणजे मोबाइलचीच वायर चालते. चार्ज होत असताना तो वापरता आला पाहिजे. ॲपलच्या मॅजिक माऊसचं पोर्ट पोटाखाली आहे, चार्जिंगला लावला की काम थांबतं. आणि आतली बॅटरी काही वर्षांनी उतरणार. स्वस्त, अनोळखी नावाच्या चार्जिंग माऊसपेक्षा पेन्सिल सेलचा माऊस जास्त वर्षं टिकतो, हे माझं ठाम मत आहे. गावाकडे जाऊन काम करावं लागलं तरी पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो.

पोटाखाली बंद-चालूचं बटण आहे ना, हेही बघून घ्या. ते नसेल तर बॅगेत हलून माऊस पुन्हा पुन्हा जागा होतो आणि सेल उतरतो.

पैसे आणि दुकान

साधारण ५०० ते ८०० रुपयांत नामांकित कंपनीचा डोंगलवाला साधा माऊस येतो. हजार ते दोन हजारांत ब्लूटूथ, सायलेंट क्लिक आणि आकाराची निवड मिळू लागते. रोज सहा-आठ तास काम करणाऱ्याने या दुसऱ्या टप्प्यातच बघावं. त्यापुढचे पाच-दहा हजारांचे माऊस उत्तम असतात, पण ते कामातून पैसे मिळवणाऱ्या माणसासाठी. कॉलेजच्या मुलाने तेवढे पैसे रॅम वाढवायला वापरावेत.

जमत असेल तर दुकानात जाऊन घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आहे. तिथे पाच माऊस हातात धरून बघता येतात. गर्दीच्या वेळी दुकानदार घाई करतो, म्हणून सकाळी जा. खोक्यावर छापील किंमत, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा क्रमांक असलाच पाहिजे. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. हे नसेल तर नकली माल समजून बाजूला ठेवा. जीएसटीचं बिल मागा. वॉरंटी एक ते तीन वर्षांची असते आणि ती बिलावरच चालते. बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून तिथेच उभ्या-उभ्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पहिला आठवडा: घरी तपासणी

खोकं जपून ठेवा आणि परत करायची मुदत कॅलेंडरवर लिहा. मग हे करा.

१. नवीन फोल्डरवर थांबून-थांबून, एका वेळी एकदाच, असे तीस-चाळीस क्लिक करा. एकदा दाबल्यावर दोनदा लागून फोल्डर उघडत असेल तर आतला स्विच सदोष आहे. दुरुस्तीच्या भानगडीत न पडता माऊस बदलून घ्या.

२. एखादा मोठा परिच्छेद बटण दाबून धरून वरपासून खालपर्यंत निवडा. मध्येच निवड सुटली तर दोष तोच.

३. शंभर पानांची पीडीएफ उघडून चाक हळू फिरवा. पान उलट दिशेने उडी मारत असेल तर चाक खराब आहे.

४. लॅपटॉप झाकून दहा मिनिटांनी उघडा. माऊस आपोआप जोडला गेला पाहिजे. डोंगल दर वेळी काढून खोचावं लागत असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत जाऊन 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची खूण काढा.

५. टाइप करताना तळवा टचपॅडला लागून कर्सर भलतीकडे जात असेल, तर टचपॅडच्या सेटिंगमध्ये माऊस जोडल्यावर तो बंद ठेवण्याची सोय आहे. विंडोज ११ आणि मॅक दोन्हींत ती मिळते.

आणि रोज काम संपल्यावर हाताकडे बघा. करंगळीची कड लाल होते का? अंगठ्याच्या मुळाशी ताण येतो का? माऊस उचलताना तो बोटांतून निसटतो का? तिसऱ्या दिवशी जे खुपतं ते तिसाव्या दिवशी जास्तच खुपणार आहे. मुदत संपायच्या आदल्या दिवसाची वाट न बघता खोकं आणि बिल घेऊन जा, आणि तो बदलून एक आकार मोठा किंवा लहान घ्या.